बहुतेक, बरेच, फारसे नाही

(फझी लॉजिक, सामूहिक निर्णय आणि अंदाज या विषयावर वाशी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

जून १९६५ मध्ये मुंबईच्या 'मार्ग' या त्रैमासिकाच्या अठराव्या खंडाचा तिसरा अंक निघाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांची कल्पना त्यात मांडली होती. मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला नवे शहर वसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच महिन्यात अमेरिकेत 'इन्फर्मेशन अँड कंट्रोल' या नियतकालिकाच्या आठव्या खंडाचा, योगायोगाने तिसराच, अंक बाहेर पडला. त्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लोत्फी झादे यांचा सोळा पानांचा लेख होता, 'फझी सेट्स', म्हणजे धूसर कडांचे संच. झादे जन्माने बाकूचे, पहिली पदवी तेहरानची, पेशाने विद्युत अभियंते. या दोन लेखांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पण पहिल्या लेखातून उभ्या राहिलेल्या शहरात दुसऱ्या लेखाविषयी बोलायचे, तर उदाहरणे बाहेरून आणावी लागत नाहीत.

वाशी नवी मुंबईत आहे का, असे विचारले तर लोक हसतील. खारघर? हो की, पत्त्यात तसेच लिहितात. पण खारघरची घरपट्टी १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेच्या हद्दीतली. उलवे? आता धरतात. उरण गाव? इथे मान नक्की कुठे हलवावी कळत नाही. शहर वसवणाऱ्या सिडकोचा नकाशा एक सांगतो, महापालिकेचा दुसरा, आणि लोकांच्या तोंडी तिसराच असतो. शाळेत शिकवलेल्या संचात एखादी वस्तू असते किंवा नसते, १ किंवा ०. झादे यांनी मधली सगळी जागा मोकळी केली. एखादी वस्तू संचात ०.३ असेल, ०.८ असेल. या आकड्याला त्यांनी सभासदत्वाची मात्रा मानले आणि अशा संचांचे छेद, संयोग, पूरक कसे काढायचे त्याचे नियम दिले. गणित म्हणून ते साधे आहे. खळबळ उडाली ती हा आकडा कशासाठी वापरायचा यावरून.

पावसाचे उदाहरण घ्यावे. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की 'मुसळधार', ११५.६ पासून 'अति मुसळधार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत मुसळधार'. म्हणजे ६४.४ मिलिमीटरचा पाऊस मध्यम आणि त्यात चार-दोन थेंबांची भर पडली की मुसळधार. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटरची नोंद झाली, कुलाब्याला ७३.४. कुलाब्याचा पाऊस कागदोपत्री मुसळधार. सांताक्रूझचा 'अत्यंत मुसळधार', पण २०५ मिलिमीटर पडला असता तरी शिक्का तोच बसला असता. खात्याला इशारे द्यायचे असतात, तेव्हा कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे खरे. पण त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक असते की रेघ कागदावर आहे, नाल्यात नाही. फझी पद्धतीत रेघेऐवजी उतार येतो. समजा, ४० मिलिमीटरला 'मुसळधार'ची मात्रा शून्य धरली, ९० ला पूर्ण १, आणि मध्ये सरळ चढण. मग ६४.४ आणि ६४.५ या दोघांची मात्रा ०.४९ च्या आसपास येते आणि कुलाब्याची ०.६७. ४० आणि ९० हे आकडे कोणी ठरवले, हा प्रश्न इथेच मनात नोंदवून ठेवावा.

हे सारे संभाव्यतेच्या गणितात बसते, मग वेगळा खटाटोप कशाला, अशी टीका सुरुवातीपासून झाली आणि ती करणारे लहानसहान नव्हते. बर्कलीतच झादे यांच्या शेजारी वावरणारे गणिती विल्यम काहान यांनीही फझी लॉजिकवर कडाडून टीका केली. संभाव्यतेपासूनचा फरक थोडक्यात असा. उद्या पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के, हे उद्याच्या अनिश्चिततेविषयीचे विधान आहे. उद्या संध्याकाळी ते संपते, पाऊस पडलेला असतो किंवा नसतो. पण पडलेला पाऊस मोजून झाल्यावरही तो 'मुसळधार' म्हणावा का, हा प्रश्न उरतो. तो माहितीच्या अभावाचा नाही, शब्दाच्या कडांचा आहे. दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात येऊ शकतात, आणि नियोजनाच्या फायलींत ते हमखास एकत्र येतात. म्हणून गोंधळ होतो.

झादे यांच्या कल्पनेला यंत्रात उतरवणाऱ्या माणसाचा महाराष्ट्राशी धागा आहे. इब्राहिम ममदानी यांचा जन्म १९४२ चा, टांझानियातला. इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्यात झाले आणि १९६६ मध्ये ते लंडनला गेले. तिथे क्वीन मेरी कॉलेजात सेड्राक असिलियन या विद्यार्थ्यासह त्यांनी प्रयोगशाळेतले एक छोटे वाफेचे इंजिन फझी नियमांवर चालवून दाखवले. दाब 'बराच कमी' असेल आणि तो 'हळूहळू' वाढत असेल तर उष्णता 'थोडी जास्त' द्या, अशा धर्तीचे ते नियम होते. यंत्र हाताळणारा जसा बोलतो तसेच. १९७० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या त्या लेखांनंतर 'ममदानी पद्धत' हे नाव रूढ झाले आणि आज जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते शिकवले जाते. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरातली भुयारी रेल्वे हिताचीच्या फझी नियंत्रकावर धावू लागली. मग वॉशिंग मशीन, कॅमेरे, भात शिजवायचे कुकर आले. तो भाग सर्वांना माहीत आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतले (नीरी) अशोक देशपांडे आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात नदीच्या पाण्याची प्रत याच भाषेत मांडत होते, हे मात्र फारसे कोणाच्या कानावर नसते.

यंत्र एकट्याचे ऐकते. समितीत दहा जण बोलतात, आणि तिथून खरी गंमत सुरू होते.

नवी मुंबईत समित्यांच्या निर्णयाचे सर्वांत मोठे उदाहरण विमानतळाचे. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने १९९७ मध्ये मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठी जागा तपासणारी समिती नेमली, तिचा अहवाल २००० मध्ये आला. चर्चेत अलिबाग तालुक्यातली रेवस-मांडवा ही जागा होती, आणि सिडकोने पुढे केलेली पनवेलजवळची होती. २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पनवेलच्या जागेला तत्त्वतः मान्यता दिली. मग पर्यावरणाचा वाद पेटला. ९२ मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापायची, उलवे नदीचे पात्र वळवायचे, गाढी नदीचेही वळवायचे, आणि खारफुटी जाणार ती वेगळीच. २२ नोव्हेंबर २०१० रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली ती तडजोडीने. दोन धावपट्ट्यांमधले अंतर १,८०० मीटरवरून १,५५० मीटरवर आले, त्यामुळे गाढी वाचली. टेकडी आणि उलवे नदी वाचल्या नाहीत. उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

हा निर्णय फझी कोष्टकावर झाला नाही. तो बैठका, सुनावण्या आणि वाटाघाटींतून झाला. पण अशा प्रश्नाला हे शास्त्र कसे हात घालते ते पाहण्यासाठी इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. जागा दोन-तीन, आणि निकष अनेक: शहरापासूनचे अंतर, हवाई मार्गातले अडथळे, खारफुटीची हानी, भरावाचा खर्च, उठवावी लागणारी गावे. काही निकष रुपयांत मोजता येतात, काही हेक्टरांत, आणि काही फक्त शब्दांत. खारफुटीच्या हानीला दहापैकी किती गुण, असे तज्ज्ञाला विचारले तर तो ७ म्हणेल, पण ७ का आणि ६.५ का नाही, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. 'हानी जास्त आहे' एवढे मात्र तो ठामपणे सांगतो.

तेव्हा शब्दच घ्यावेत, असे ही पद्धत म्हणते. प्रत्येक शब्दामागे तीन आकडे ठेवले जातात: कमीत कमी, सर्वांत पटणारा, जास्तीत जास्त. 'मध्यम' म्हणजे ३, ५, ७. 'अगदी कमी' म्हणजे ०, १, ३. 'अतिशय जास्त' म्हणजे ७, ९, १०. सगळ्या तज्ज्ञांच्या त्रिकुटांची सरासरी काढायची, निकषांना वजने द्यायची (तीही शब्दांतच), आणि आदर्श जागेपासून प्रत्येक जागा किती दूर पडते ते मोजायचे. २००० मध्ये तैवानच्या चेन-तुंग चेन यांनी मांडलेली फझी टॉप्सिस ही रीत अशीच चालते, आणि कंत्राटदार निवडण्यापासून कचराभूमीची जागा ठरवण्यापर्यंत तिचा सपाटून वापर झाला आहे.

आता या सरासरीकडे जरा जवळून पाहावे, कारण पुस्तके इथून भरभर पुढे जातात. दोन तज्ज्ञ आहेत. दोघेही म्हणाले, 'हानी मध्यम'. सरासरी आली ३, ५, ७. दुसऱ्या जागेबाबत एक म्हणाला 'अगदी कमी', दुसरा म्हणाला 'अतिशय जास्त'. सरासरी काढा: ३.५, ५, ६.५. मधला आकडा दोन्हीकडे ५ आहे. पण रुंदी पाहा. जिथे दोघांचे एकमत होते तिथे ती ४ आली आणि जिथे दोघे हमरीतुमरीवर आले होते तिथे ३. कोष्टकावरून वाटेल की भांडणाऱ्या समितीला जास्त खात्री आहे! यात चूक गणिताची नाही. सरासरीने प्रत्येकाच्या शब्दाची धूसरता जपली आणि त्यांच्यातला मतभेद गिळून टाकला. यावर उपाय आहे. कडेचे आकडे सरासरीने न घेता सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा घ्यायचा. मग दुसऱ्या जागेचे उत्तर येते ०, ५, १०, आणि वाचणाऱ्याला लगेच कळते की इथे समिती फुटलेली आहे. अहवालात यापैकी कोणती रीत वापरली, हे बहुधा परिशिष्टात एका ओळीत असते. ती ओळ आधी वाचावी.

समितीचा निर्णय झाला असे कधी म्हणायचे, हाही असाच प्रश्न. निम्म्याहून एक मत जास्त पडले की झाला, ही एक रेघ. पोलंडचे यानुश कात्सपशिक यांनी १९८६ च्या सुमारास 'बहुतेक' या शब्दालाच गणितात बसवले. रूढ व्याख्या अशी: सहमतांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर 'बहुतेकांना पटले' हे विधान शून्य खरे, ८० टक्क्यांपासून पुढे पूर्ण खरे, मध्ये चढण. दहापैकी सहा जणांना पटले तर ते ०.६ खरे, सात जणांना पटले तर ०.८. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या रोनाल्ड यागर यांनी क्रमवार वजनांची सरासरी मांडली. तिच्यात वजन कोणत्याही सदस्याला मिळत नाही, ते मतांच्या क्रमाला मिळते. त्यामुळे 'सर्वांना', 'बहुतेकांना', 'निदान काहींना' पटले पाहिजे, अशा अटी एकाच सूत्रात बसतात. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गाव कोणतेही सूत्र न मांडता बहुमत बाजूला ठेवते. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय करते आणि एखाद्याला पटत नसेल तर चर्चा पुढे चालू राहते. संशोधनात ज्याला मृदू सहमती म्हणतात तिथेही टप्पे असेच असतात: मत घ्या, सहमतीची मात्रा मोजा, कमी असेल तर कोण कुठे लांब आहे ते दाखवा, पुन्हा बोला.

या साऱ्यावरची एक टीका मात्र जिव्हारी लागणारी आहे. जोडीजोडीने तुलना करून निकषांची वजने काढण्याची प्रसिद्ध पद्धत थॉमस साटी यांची. तिचे फझी रूप शेकडो लेखांत वापरले गेले. खुद्द साटींनी २००७ मध्ये एका सहलेखकासह लिहिले की हे रूप ग्राह्य नाही. माणसाच्या निवाड्यात मुळातच धूसरता असते, तिच्यावर आणखी धूसरता चढवून उत्तर सुधारते असे मानायला आधार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात तथ्य आहे. ज्या ठिकाणी साध्या गुणांकनानेही तोच क्रम लागतो, तिथे त्रिकुटांचा डोलारा शोभेचा. फझी मांडणीचा खरा उपयोग उत्तरे जवळजवळ येतात तिथे होतो. दोन जागांच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात, आणि 'अमुक जागा ०.०२ ने सरस' अशी फुशारकी मारता येत नाही.

आणि आता तो नोंदवून ठेवलेला प्रश्न. चढण कुठून सुरू करायची आणि कुठे संपवायची, हे कोण ठरवते? विमानतळासाठी दहा गावे उठली. वाघिवली, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही त्यांतली काही. 'विस्थापन मध्यम आहे' हा शब्द तज्ज्ञाच्या कोष्टकात ३, ५, ७ असेल. कोंबडभुज्याच्या माणसाला तोच शब्द वापरू दिला, तर त्याचे तीन आकडे वेगळे येतील. शब्दांना आकडे देण्याच्या बैठकीत तो नसेल, तर पुढचे सारे गणित अचूक असूनही एका बाजूचे राहते. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईच्या परिसरात जे आंदोलन झाले आणि ज्यात गोळीबारात शेतकरी मारले गेले, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. सरकारच्या लेखी 'पुरेसा' असलेला मोबदला शेतकऱ्यांच्या लेखी पुरेसा नव्हता. सभासदत्वाचा आलेख तेव्हा रस्त्यावर ठरला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फझी पद्धतीच्या बाजूने एवढे म्हणता येते की असा आलेख ती निदान कागदावर काढायला लावते, आणि काढलेल्या रेषेवर बोट ठेवता येते.

अंदाजाकडे वळायचे तर शहराची लोकसंख्याच घ्यावी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या आराखड्याने वीस लाख वस्तीचे उद्दिष्ट धरले. जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ ला सुमारे तीन लाख, २००१ ला सात लाख आणि २०११ ला सव्वाअकरा लाखांच्या आत-बाहेर भरली. पनवेल-उरणकडचा भाग त्यात नाही, हे खरे. तरी वेग आराखड्यातल्यापेक्षा मंदच होता. कारणे आकड्यांत नव्हती. मानखुर्द-वाशी लोकल ९ मे १९९२ ला सुरू झाली, सिडकोच्या जन्मानंतर बावीस वर्षांनी. राज्य सरकारची कचेरी-कार्यालये मोठ्या प्रमाणात खाडीपलीकडे येतील ही नियोजनकारांची अपेक्षा होती, आणि मंत्रालय जिथल्या तिथे राहिले.

जुन्या आकड्यांतून पुढचा आकडा काढणारी फझी रीत १९९३ मध्ये सोंग आणि चिसम यांनी मांडली. उदाहरण होते अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या १९७१ ते १९९२ या वर्षांतल्या विद्यार्थिसंख्येचे. १३ हजार ते २० हजार या पट्ट्याचे त्यांनी हजारा-हजाराचे सात भाग केले आणि त्यांना शब्द दिले: पहिला 'फारसे नाहीत', मधला 'खूप खूप', शेवटचा 'अतीच अती'. मग पाहायचे की कोणत्या शब्दानंतर पुढच्या वर्षी कोणता शब्द आला. १९९६ मध्ये श्यी-मिंग चेन यांनी हीच रीत बेरीज-भागाकारावर आणून ठेवली. 'फारसे नाहीत'नंतर कधी तोच गट आला, कधी वरचा. दोन्ही गटांचे मध्यबिंदू १३,५०० आणि १४,५००, सरासरी १४,०००. हा झाला १९७२ चा अंदाज. प्रत्यक्षात विद्यार्थी होते १३,५६३. शाळेतल्या पोराला जमेल इतके सोपे, आणि म्हणूनच ही रीत वणव्यासारखी पसरली.

त्यानंतर जे झाले ते फार गौरवाचे नाही. त्याच बावीस आकड्यांवर लेखांमागून लेख निघाले. कोणी हजाराचे भाग पाचशेचे केले, कोणी असमान केले, आणि प्रत्येकाची चूक आधीच्यापेक्षा कमी भरली. भाग जितके बारीक, तितके गणित जुन्या आकड्यांना घट्ट चिकटणार, यात नवल नाही. जे वर्ष गणिताने पाहिलेच नाही, त्याचा अंदाज किती बरोबर आला, एवढेच विचारायचे असते, आणि तेच बऱ्याच लेखांत राहून जाते.

शिवाय नवी मुंबईजवळ बावीस आकडेही नाहीत. १९९१, २००१, २०११, एवढेच. २०२१ ची जनगणना झालीच नाही. इथे जुन्या आकड्यांच्या रीतीपेक्षा माणसांना विचारण्याची रीत बरी. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात डेल्फी पद्धत निघाली: तज्ज्ञांना वेगवेगळे, नाव न सांगता विचारायचे, सर्वांची उत्तरे सर्वांना कळवायची, पुन्हा विचारायचे. तिचे फझी रूप प्रत्येकाकडून तीन आकडे मागते: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. लोकल उशिरा येईल अशी शंका ज्याला १९७५ मध्ये असेल, त्याला ती कमीत कमीच्या रकान्यात मांडता आली असती. आज या तीन रकान्यांत विमानतळामागोमाग येणाऱ्या नोकऱ्या, १२ जानेवारी २०२४ ला उद्‌घाटन झालेला अटल सेतू आणि उलवे-द्रोणागिरीतल्या रिकाम्या इमारती मांडाव्या लागतील.

लोकसंख्येचा हा अंदाज हौसेचा नाही. महापालिकेचे मोरबे धरण ८८ मीटरला भरते, आणि ते भरले तरी पाणी किती जणांत वाटायचे हा आकडा २०११ च्या शिरगणतीवरून ताणत आणलेला असतो. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. शहरातल्या अभियंत्यांनी, पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांनी, गावठाणातल्या रहिवाशांनी आणि एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपापले तीन आकडे त्याआधी लिहून, तारीख घालून, पाकीट बंद करून ठेवावे, असा प्रस्ताव या व्याख्यानाच्या निमित्ताने मांडला आहे. सरासरीची रीत आणि लहान-मोठ्या कडांची रीत, दोन्ही त्या आकड्यांना लावता येतील. खारघर धरायचे की नाही, हे मात्र पाकिटावर आधीच लिहावे लागेल.